अपघात, वेदना आणि भरपाईचा हक्क

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यात दरवर्षी निकाल, शिष्यवृत्त्या आणि मुलींचे उच्च शिक्षण यांवर विचार मांडले जातात. ते आवश्यकच आहे. परंतु शिक्षण अर्ध्यावर सुटण्याचे आणखी एक कारण आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ते कारण म्हणजे रस्त्यावरचा अपघात. मी वकील नाही, एक साधा शिक्षक आहे. मात्र वर्गशिक्षक या नात्याने जखमी मुलांच्या दाखल्यांसाठी पालक माझ्याकडे येतात. बोनाफाईड हवा असतो, जन्मतारखेचा उतारा हवा असतो, हजेरीचा दाखला हवा असतो. बहुतेक पालक फार उशिरा येतात. या निमित्ताने कायदा मी थोडाफार वाचला, जाणकारांना विचारला, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम आपल्याकडे काय घडते ते पाहू. मूल शाळेतून येताना महामार्ग ओलांडते. टेम्पो किंवा मोटारसायकल धडक देते. पाय मोडतो. मुलाला दवाखान्यात नेले जाते. त्याच रात्री वाहनाचा मालक आणि त्याच्याबरोबर गावातले चार प्रतिष्ठित लोक येतात. "झाले ते झाले, पोलिसात जाऊ नका, बिल आम्ही भरतो, वर थोडे पैसे देतो," असे म्हणतात. मुलाचे अब्बा कुवेतला किंवा दम्मामला असतात. अम्मी एकटी असते. नातेवाईक म्हणतात, कोर्टकचेरी कोण करणार? शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर "आमची काही तक्रार नाही" असे लिहून घेतले जाते. दोन महिन्यांनी कळते की हाड नीट जुळलेले नाही, पट्टी काढण्यास दुसरी शस्त्रक्रिया लागेल, मुलाचे वर्षही वाया जाईल. तेव्हा मालक फोन उचलत नाही, आणि मध्यस्थ म्हणतात, "तुम्हीच तर सही केली होती."

या सहीमागे आपल्या मनात दोन भावना असतात. एक दयेची : "बिचारा टेम्पोवाला गरीब आहे, त्याच्या पोटावर पाय कशाला द्यायचा?" दुसरी संकोचाची : "मुलाच्या दुखण्याचे पैसे घ्यायचे म्हणजे दुखण्याचा व्यापार करण्यासारखे आहे." या दोन्ही भावना चांगल्या माणसाच्या आहेत. पण वस्तुस्थितीशी त्यांचा मेळ बसत नाही. तो का बसत नाही, हेच आज मला सांगायचे आहे.

पैसे कोण देतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाचा निदान 'थर्ड पार्टी' विमा असणे सक्तीचे आहे. थर्ड पार्टी म्हणजे कोण? विमा उतरवणारा मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा पक्ष, आणि त्या वाहनाने ज्याला इजा झाली तो तिसरा पक्ष. रस्त्याने चालणारे, सायकलवरून जाणारे, एस.टी.ची वाट पाहत उभे असलेले आपले मूल हा तो तिसरा पक्ष होय. मालक दरवर्षी हप्ता भरतो तो याच प्रसंगासाठी. म्हणजे त्या टेम्पोवाल्याने आपल्या मुलाच्या वेदनेची सोय आधीच करून ठेवलेली असते. आपण स्टॅम्पपेपरवर सही केली, तर वाचतो तो टेम्पोवाला नव्हे, वाचते ती विमा कंपनी. दया दाखवायची तर टेम्पोवाल्यावर अवश्य दाखवा, पण कंपनीवर दया करण्याचे आपणास काही कारण नाही.

न्यायाधिकरणाने निवाडा दिला की तो पैसा कंपनीने भरायचा, असे कलम १५० सांगते. चालकाकडे योग्य परवाना नव्हता, असे काही कारण कंपनीने पुढे केले, तरी अशा अनेक खटल्यांत न्यायालयांनी कंपनीला आदेश दिला आहे की आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. एस.टी.च्या बसने अपघात झाला असेल तर दावा महामंडळावर होतो.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत सहसा येत नाही. त्याच्यासाठी पॅकेज पॉलिसी किंवा जादा हप्ता भरलेला असावा लागतो. ज्यांच्या घरात मोटारसायकल आहे त्यांनी आज घरी गेल्यावर पॉलिसी काढून पाहावी.

वेदनेची भरपाई म्हणजे काय?

पुष्कळांना वाटते की भरपाई म्हणजे दवाखान्याचे बिल. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अनेक निकालांत, आणि विशेषतः २०११ सालच्या एका महत्त्वाच्या निकालात, जखमी माणसाच्या भरपाईचे दोन भाग स्पष्ट केले आहेत. पहिला भाग पैशात मोजता येण्यासारख्या नुकसानीचा. त्यात औषधोपचार, दवाखान्यात नेण्या-आणण्याचे भाडे, पौष्टिक आहार, बुडालेली कमाई, पुढे कायमच्या अपंगत्वामुळे बुडणारी कमाई आणि पुढील उपचारांचा खर्च येतो. दुसरा भाग पैशात न मोजता येणाऱ्या नुकसानीचा. त्यात शरीराच्या वेदना व मनाच्या यातना, आयुष्यातील सुखसोयींना मुकणे (विवाहाची शक्यता कमी होणे हेही त्यात येते) आणि आयुर्मान घटणे या गोष्टी आहेत. साध्या दुखापतीच्या दाव्यातदेखील उपचारखर्च आणि बुडालेली कमाई यांच्याबरोबर वेदनेची भरपाई धरली जाते.

मुलांच्या बाबतीत प्रश्न येतो की मूल कमावते कुठे? मग त्याचे नुकसान कसे मोजायचे? २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका बालकाच्या दाव्यात यासाठी एक ढोबळ मापच घालून दिले. प्रत्यक्ष उपचारांचा, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा वगैरे खर्च वेगळा. त्याशिवाय इतर सर्व शीर्षांखाली मिळून, संपूर्ण शरीराच्या मानाने कायमचे अपंगत्व १० टक्क्यांपर्यंत असल्यास १ लाख, १० ते ३० टक्क्यांपर्यंत ३ लाख, ६० टक्क्यांपर्यंत ४ लाख, ९० टक्क्यांपर्यंत ५ लाख आणि त्याहून अधिक असल्यास ६ लाख रुपये. अपवादात्मक परिस्थितीत याहून वेगळे माप लावता येते, असेही न्यायालयाने म्हटले आहे.

आणि तसे लावलेही गेले. आई-वडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून जात असलेल्या १२ वर्षांच्या एका मुलीला २००७ साली ट्रकच्या धडकेने मेंदूची गंभीर इजा झाली. ती आयुष्यभर दुसऱ्यांवर अवलंबून राहणार होती. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तिला वेदना, यातना आणि हिरावलेली सुखे यांपोटी १५ लाख रुपये दिले. तिची कमाई कुशल कामगाराच्या किमान वेतनाप्रमाणे धरली आणि तिच्या शुश्रूषेसाठी जन्मभर माणसे लागतील हाही हिशेब केला. २०२४ साली एका प्रौढ जखमीच्या दाव्यातही केवळ वेदना व यातना या शीर्षाखाली १५ लाख रुपये मंजूर झाले. हे अतिशय गंभीर इजांचे आकडे आहेत. मोडलेल्या हाताला एवढे मिळेल अशी आशा कोणी धरू नये. मी ते सांगतो ते एवढ्याचसाठी की मुलाची वेदना ही कायद्याच्या दृष्टीने खरी हानी आहे. ती मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

वेदना कागदावर यावी लागते

आता माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा मुद्दा. वेदना दिसत नाही. न्यायाधीशाने आपले मूल रात्रभर कण्हताना पाहिलेले नसते. कंपनीच्या वकिलाने तर मुळीच नाही. त्यांच्यापुढे येतात ते कागद. म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाईल करा.

त्या फाईलमध्ये काय असावे? दवाखान्यात दाखल झाल्याचा कागद, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि त्यांचे अहवाल, प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद, औषधांची प्रत्येक पावती, रिक्षा किंवा गाडीच्या भाड्याची पावती, फिजिओथेरपीच्या तारखा. याशिवाय एक साधी वही घ्या आणि घरातल्या कोणीतरी रोज दोन ओळी लिहाव्यात : आज झोप लागली की नाही, कोणाच्या आधाराने उठला, ताप होता का. आमच्या नववी-दहावीच्या मुली हे काम उत्तम करू शकतात. जखमीचे आणि त्याच्या आईचे म्हणणे न्यायाधिकरण ऐकते. पण वर्षभरानंतर साक्ष द्यायची वेळ येते तेव्हा तारखा आठवत नाहीत. त्या वेळी ही वही आठवण देते.

आणि आता शाळेचा कागद. मूल किती दिवस शाळेत येऊ शकले नाही, हे आमचा हजेरीपट सांगतो. वार्षिक परीक्षा बुडाली, हे निकालपत्रक सांगते. कबड्डीच्या संघात होता आणि आता नाही, हे आमचे क्रीडाशिक्षक सांगू शकतात. चार महिन्यांची गैरहजेरी म्हणजे चार महिन्यांच्या यातनेचा सरळ, निःपक्षपाती पुरावा आहे, कारण तो हजेरीपट दाव्यासाठी लिहिलेला नसतो. तेव्हा पालकहो, अपघात झाल्यावर शाळेला लगेच कळवा. "आजारी आहे" असा निरोप पाठवू नका. "अमुक तारखेला अपघात झाला" असा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

अपंगत्वाच्या दाखल्याविषयी एक खुलासा करतो. डॉक्टर लिहितात, "डाव्या पायाचे ४५ टक्के अपंगत्व". याचा अर्थ संपूर्ण शरीराचे ४५ टक्के असा होत नाही. २०११ च्या त्याच निकालात हा फरक समजावून सांगितला आहे. म्हणून दाखला अवयवाचा आहे की सर्व शरीराचा, आणि त्यामुळे मुलाला कोणते काम करता येणार नाही, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे.

कंपनीकडे जायचे कसे?

मार्ग पोलीस ठाण्यापासून सुरू होतो. अपघाताची खबर द्या, एफ.आय.आर.ची प्रत घ्या, वाहनाचा क्रमांक जपा. क्रमांक हाती असला की एम-परिवहन या सरकारी ॲपवर त्या वाहनाच्या विम्याची माहिती सहसा मिळते. आपले कॉलेजात जाणारे मुलगे-मुली हे काम दोन मिनिटांत करतील.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्याच्या प्रती विमा कंपनीकडेही जातात. जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील कागद पोलिसांनी १० दिवसांत द्यायचा असतो. तो मागून घ्या. सविस्तर अहवाल आल्यावर कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने ३० दिवसांत आपण किती रक्कम देऊ इच्छितो हे लेखी, हिशेबासह सांगायचे असते. कायद्याचे कलम १४९ हेच सांगते. रक्कम मान्य असल्यास न्यायाधिकरण तशी नोंद करते आणि कंपनीने जास्तीत जास्त ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. मान्य नसल्यास सुनावणी होते. कंपनीची पहिली रक्कम म्हणजे अंतिम शब्द नव्हे. तिच्यात वेदनेसाठी किती धरले आहेत, पुढच्या शस्त्रक्रियेचे किती धरले आहेत, हे तपासा. नसतील तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्या.

पोलिसांच्या अहवालावर विसंबून न राहता कलम १६६ खाली आपला स्वतःचा दावा दाखल करणे हे अधिक सुरक्षित. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. अपघात जेथे झाला तेथे, किंवा आपण जेथे राहतो तेथे, कोणत्याही ठिकाणी तो करता येतो. अपघात मुंबईला झाला म्हणून गावच्या माणसाने मुंबईच्या फेऱ्या घातल्या पाहिजेत असे नाही. दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांना सामील करायचे. अल्पवयीन मुलाच्या वतीने आई किंवा वडील दावा करतात. मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. या मुदतीवर न्यायालयांत वाद झाला आहे, पण पालकांनी त्या वादावर भिस्त ठेवू नये. सहा महिने म्हणजे सहाच महिने, असे धरून चाला.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, अशी अडचण सांगितली जाते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे अर्ज करा. "मिळेल त्यातले निम्मे माझे" असे म्हणत दवाखान्याच्या दारात उभा राहणारा दलाल मात्र दूर ठेवा.

वाहन धडक देऊन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार दर्जाच्या अधिकाऱ्याकडे करावा लागतो. तसेच मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता होऊ शकतो. दाखल करतानाच याची चौकशी करावी.

सही करण्यापूर्वी

तीन ठिकाणी सही करताना हात थांबवा. पहिले, मालकाचा स्टॅम्पपेपर. त्याविषयी सांगितलेच आहे. दुसरे, कलम १६४ ची ठरावीक रक्कम. या कलमाखाली कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. हा मार्ग सोपा आहे, काहींना तो योग्यही ठरेल. पण तो स्वीकारला की कलम १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. ज्या मुलाला जन्मभर उपचार लागणार आहेत, त्याच्यासाठी अडीच लाखांवर सही करणे म्हणजे त्याचे भवितव्य विकणे होय. तिसरे, लोकअदालत. लोकअदालत चांगली आहे, वेळ वाचतो, परंतु तेथील निवाड्यावर अपील नाही. म्हणून उपचार संपण्याआधी, अपंगत्वाचा दाखला हाती येण्याआधी घाई करू नये.

आता त्या संकोचाविषयी. काही वडीलधारी मंडळी मला विचारतात, "सर, विम्याचा पैसा घ्यावा का?" विमा काढण्याविषयी उलेमांत मतभेद आहेत. मी आलिम नाही आणि त्या चर्चेत पडणार नाही. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. मी एवढेच लक्षात आणून देतो की येथे विमा आपण काढलेला नाही. आपण मागतो ती दुसऱ्याच्या हातून झालेल्या इजेची भरपाई. आणि इजेची भरपाई ही कल्पना आपल्याला परकी नाही. फिक्हच्या ग्रंथांत जीवहानीसाठी 'दियत' आणि अवयवाच्या इजेसाठी 'अर्श' यांचे तपशीलवार विवेचन आहे. नशिबात होते ते झाले, हे मनाच्या समाधानासाठी ठीक आहे. पण त्यामुळे दुसऱ्याची जबाबदारी संपत नाही, आणि यतीम किंवा अपंग मुलाचा हक्क सोडून देण्याचा अधिकार आपणा मोठ्यांना मिळत नाही. तो पैसा मुलाचा आहे. न्यायाधिकरणही पुष्कळदा तो मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावे बँकेत ठेवते. त्यातून घराचा स्लॅब टाकण्याचे मनात आणू नका.

शेवटी दोन शब्द विद्यार्थी मित्रांसाठी. आतापर्यंत मी तुम्हाला जखमी म्हणून पाहिले. पण तुमच्यापैकी काही जण अब्बांची मोटारसायकल घेऊन शिकवणीला येतात, परवाना नसताना. तुमच्या हातून एखाद्या चाचांचा पाय मोडला तर तेही तिसरा पक्षच आहेत, त्यांच्याही वेदनेचा हिशेब होईल. कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. वाहनाचा विमाच नसेल तर भरपाई अब्बांच्या खिशातून, म्हणजे परदेशात गाळलेल्या त्यांच्या घामातून जाईल. आपला हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याचा हक्कही ओळखला पाहिजे.

पालकहो, अपघात कोणावर येऊ नये अशीच माझी दुआ आहे. पण आलाच, तर त्या रात्री कोणत्याही कागदावर सही करू नका. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जा, तिसऱ्या दिवशी शाळेत या. हजेरीपटाचा उतारा मी स्वतः काढून देईन, आणि आमचे मुख्याध्यापक त्यावर सही-शिक्का देतील.